सासूबाई म्हणतात, आता पुन्हा नको गं

पत्र

आम्ही खानापूरचे. सासूबाई ७४ वर्षांच्या, नाट्यगीतांच्या वेड्या. त्यांच्यासाठी म्हणून बेळगावातल्या एका मंगल कार्यालयात झालेल्या नाट्यगीत-भावगीतांच्या कार्यक्रमाच्या चार देणगी प्रवेशिका घेतल्या, प्रत्येकी ५०० रुपये. जागा तीन बाजूंनी उघडी, वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी. वेळ साडेसहाची, सुरू झालं सात पन्नासला. मग दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं, असा पाऊण तास. पत्रिकेवर ज्यांचा मोठा फोटो होता त्या गायिका शेवटी आल्या आणि तीनच गाणी म्हणू शकल्या, कारण दहाला आवाज बंद करायचा होता. आम्ही चौथ्या रांगेत डाव्या टोकाला, स्पीकरच्या पुढ्यातच. तबल्याचा धडधडाट, मधूनमधून कर्कश शिट्टी, शब्द एकही कळेना. मागून लोक ‘आवाज वाढवा’ ओरडले, तर आणखीच वाईट झालं. मध्येच सगळं बेसूर वाटायचं. सासूबाई कानाला यंत्र लावतात. पेटीचा सूर लांबला की त्यांना यंत्रात किणकिण ऐकू येई. घरी येताना म्हणाल्या, “आता पुन्हा नको गं.” माझ्या कानात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आवाज येत होता. पैसे परत मागावेत का? आमचे हे म्हणतात, “आपल्याकडं मराठी कार्यक्रम आधीच किती होतात? त्यात आपणच तक्रार केली तर पुढं करणार कोण?” आणि सासूबाईंना पुन्हा गाण्याला कसं नेऊ?

— खानापूरची एक वाचक

उत्तर

ताई, तुम्ही वेळा लक्षात ठेवल्यात, जागा कशी होती तेही लिहिलंत, हे फार बरं केलंत. त्यामुळे बिघाड कुठं झाला ते बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. तो गायिकेच्या गळ्यात नव्हता.

आधी वेळेचा हिशेब मांडू. साडेसहा ते दहा म्हणजे २१० मिनिटं. त्यातली ८० सुरुवात होण्याआधीच गेली, सत्कार-भाषणांत ४५ गेली. उरली ८५. आलाप-तानांसकट एक नाट्यगीत आठ-दहा मिनिटं घेतं. आधीच्या गायकांची चार-पाच गाणी आणि प्रत्येक गाण्यापूर्वीचं निवेदन धरलं की मुख्य गायिकेच्या वाट्याला अर्धा तास येतो, म्हणजे तीन गाणी. त्यांनी हात आखडता घेतला असं सासूबाईंना वाटलं असेल तर त्यांना हा हिशेब जरूर सांगा.

दहाची मर्यादाही ऐनवेळी कुठून उगवत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सभागृहासारख्या बंदिस्त जागेला त्यातून सूट आहे, आणि सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. तीन बाजूंनी उघडं असलेलं कार्यालय बंदिस्त धरलं जात नाही. म्हणजे दहाला थांबायचं हे आयोजकांना जागा ठरवली त्या दिवसापासून ठाऊक असायला हवं होतं. अशा ठिकाणी सत्कार ठेवायचाच असेल तर मध्यंतरात, दहा मिनिटांत उरकावा, आणि मुख्य कलाकाराला उशिरात उशिरा साडेआठला बसवावं. आमच्या मते त्या संध्याकाळची सर्वात मोठी चूक हीच. आवाजाचा दोष दुसऱ्या नंबरचा.

आता तो आवाज. ‘शब्द कळत नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा आवाज लहान असल्याची नसते. बोलण्या-गाण्यातला जोर अ, आ, ई अशा स्वरांमध्ये असतो आणि अर्थ व्यंजनांमध्ये. क, त, स, च ही व्यंजनं ताकदीनं कमजोर. ती ओळखू येतात साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला इतक्या कंपनांच्या) पट्ट्यात. पत्रा आणि फरशी एकमेकांसमोर आली की आवाज त्यांच्यामध्ये वर-खाली आपटत राहतो, आणि आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या व्यंजनावर येऊन पडते. त्यात डग्ग्याचा खर्ज मिसळला की उरलंसुरलं झाकून जातं. अशा जागी आवाज वाढवला तर गाण्याबरोबर ती शेपटीही तेवढीच वाढते. कळायला मदत काहीच होत नाही, कान मात्र दुखतात. मागच्या लोकांनी ‘आवाज वाढवा’ म्हटल्यावर बिघडलं ते म्हणूनच.

शिट्टीचं कारणही त्यातच आहे. माइकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, परत माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेलं की शिट्टी. ती मर्यादा किती लांब राहील हे तीन गोष्टींवर ठरतं.

पहिली, एका वेळी किती माइक चालू आहेत. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टी न येता आवाज वाढवायची मोकळीक ३ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) घटते. गाणारी एक, वाजवणारे तिघे, आणि तरी निवेदकाचा, कोरसचा, भाषणाच्या टेबलावरचा असे आठ माइक उघडे राहिले, तर चार माइकांच्या मानानं ३ आणि दोनच्या मानानं ६ डेसिबल गमावले. ६ डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरची ताकद चौपट करण्याइतका फरक. बोट लावून चार माइक बंद करायला काही खर्च येत नाही, तरी हे सर्रास राहून जातं.

दुसरी, माइक तोंडापासून किती लांब आहे. बसून गाणाऱ्यासाठी १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठीक. गायिका रंगात येऊन मागं सरकल्या आणि १५ चे ३० सेंटिमीटर झाले, की माइकवर पोचणारा त्यांचा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. साऊंडवाला तो भरून काढायला बटण वर करतो, आणि शिट्टी येते. माइकचा स्टँड गायिकेच्या मांडीच्या पलीकडून आडवा घेऊन तोंडाशी आणणं, आणि तो हलणार नाही असा घट्ट करणं, हे काम तालमीच्या वेळचं असतं.

तिसरी, स्पीकरची खोकी कुठं आहेत. स्पीकर माइकच्या ओळीत किंवा मागं ठेवले तर ते थेट माइकमध्येच ओतत राहतात. ते सर्वात पुढच्या माइकच्या एक-दोन मीटर पुढं असावेत, आणि स्टँडवर इतके उंच की वरचा हॉर्न बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून मधल्या-मागच्या रांगांकडे पाहील. जमिनीवर ठेवलेलं खोकं पुढच्या चार रांगांना बडवतं आणि मागच्यांपर्यंत पोचत नाही. मग मागचे ‘वाढवा’ म्हणतात आणि पुढच्यांचे कान जातात. तुमची चौथी रांग नेमकी त्या माऱ्यात होती. भिंतीला किंवा कोपऱ्याला खेटून ठेवलेल्या खोक्यातून खर्ज आणखी फुगतो. तुम्हाला तबल्याचा धडधडाट ऐकू आला तो वादकानं जोरात वाजवलं म्हणून असेलच असं नाही.

यावर साऊंडवाल्याकडे साधे उपाय असतात. मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज जुळवायच्या यंत्रावर, प्रत्येक माइकला ‘लो कट’चं बटण असतं. बाईच्या आवाजाला १००-१२० हर्ट्झच्या खालचं आणि पुरुषाच्या आवाजाला ८० च्या खालचं काही लागत नाही, ते कापून टाकावं. डग्ग्याचा माइक खाली घ्यावा. आणि मिक्सर प्रेक्षकांत ठेवावा, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्या भागात तो पुष्कळदा रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड मांडतात, कारण तिथं वायर कमी लागते. तिथं बसलेल्या माणसाला चौथ्या रांगेत काय ऐकू येतंय याचा पत्ताच लागत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तिथं बसवणाऱ्यांनी वीस मीटर वायरचं भाडं वाचवलेलं असतं.

बेसूरपणाचं म्हणाल तर एकदा मंचावर की-बोर्ड होता का ते आठवून पाहा. पेटीचे सूर ठरलेले. मंचावर ते बदलता येत नाहीत आणि जुन्या पेटीचे थोडे वर-खाली झालेले असतात. की-बोर्ड कारखान्यातून येतो तो ‘ए’ हा सूर म्हणजे ४४० हर्ट्झ या मापावर. पेटीचा तोच सूर ४४५ असेल तर दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला पाच ठोके पडतात, थरथरल्यासारखं होतं, आणि गाणारा कुणाला धरून गावं या संकटात सापडतो. की-बोर्डच्या ट्यून मेनूत जाऊन तो पेटीला मिळवून घेणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी दोन्ही वादक कार्यक्रमाआधी एकत्र बसायला हवेत. तबल्याचं वेगळं. दमट हवेत चामडं सैल पडून सूर उतरतो, दिव्यांच्या उष्णतेनं आवळून चढतो. बेळगावच्या पावसाळी संध्याकाळी एकाच कार्यक्रमात दोन्ही घडतं. तबलजी दोन गाण्यांमध्ये हातोडी लावतो तेव्हा त्याला ते मिनिट शांतपणे मिळालं पाहिजे. त्याच वेळी निवेदकानं माइकवर विनोद सांगू नयेत.

तुमच्या कानांबद्दल. जोराच्या आवाजानंतर कानात गुणगुण होणं म्हणजे आतल्या नाजूक पेशी थकल्या. बहुतेक वेळा ती एक-दोन दिवसांत जाते, तुमची गेली. ४८ तासांनंतरही राहिली असती, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवं होतं. एका कानानं एकदम कमी ऐकू येऊ लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात. मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत: ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणून ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी घातलेली मर्यादाही १०० डेसिबलचीच आहे, पंधरा मिनिटांची सरासरी धरून. खोक्याच्या तीन-चार मीटरवर हा आकडा सहज गाठला जातो. पर्समध्ये फोमच्या बोळ्यांची जोडी ठेवा. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद दाबून धरायचा. कापूस घालून काही होत नाही.

सासूबाईंना ऐकू आलेली किणकिण हा भास नव्हता, हे त्यांना आधी सांगा. यंत्रात स्वतःची शिट्टी दाबणारी एक सोय असते. पेटीचा किंवा बासरीचा एकच सूर लांबला की यंत्राला ती आपलीच शिट्टी वाटते, आणि तो मारायला ते उलटा सूर सोडतं. तीच किणकिण. गोंगाट कमी करणारी दुसरी सोय तानपुऱ्यालाही गोंगाट समजते. हे दोन्ही बोलणं ऐकण्यासाठी चांगलं आणि गाण्यासाठी वाईट. यंत्र जिथून घेतलं तिथल्या ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) सांगा की संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून द्या, त्यात या दोन्ही सोयी बंद किंवा अगदी कमी ठेवा. बहुतेक डिजिटल यंत्रांत ते होतं, नवीन यंत्र लागत नाही. जाताना फोनवर पेटीचं रेकॉर्डिंग घेऊन जा आणि तिथंच वाजवून खात्री करून घ्या. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात, म्हणजे नेमकी व्यंजनंच. त्यामुळे त्या जागी तुमच्यापेक्षा त्यांचे हाल जास्त झाले असणार.

आता पैसे. देणगी प्रवेशिका असं छापलं तरी ठरावीक रक्कम घेऊन ठरावीक खुर्ची दिली, तर व्यवहारात ते तिकीटच. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी ओळ मागच्या बाजूला असली म्हणून जाहिरातीतलं वचन मोडायची मोकळीक मिळत नाही. (फुकटचा सौजन्य पास असता तर ग्राहक म्हणून दावा उरला नसता.) पण तक्रारीतल्या कुठल्या गोष्टी टिकतात ते बघून मागणी करा. ‘आवाज वाईट होता’ हे सिद्ध करणं अवघड, कारण शेजारचा म्हणेल मला ठीक वाटला. ‘साडेसहा छापून सात पन्नासला सुरू केलं, आणि ज्यांच्या नावावर विक्री केली त्यांना अर्धा तासच दिला’ हे घड्याळानं सिद्ध होतं. जाहीर केलेला कलाकार आलाच नसता तर बाजू सर्वात भक्कम असती.

प्रवेशिकेचे तुकडे, पत्रिका किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, आणि कुणी फोनवर चित्रीकरण केलं असेल तर त्यातली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत एकत्र ठेवा. फोनमधल्या फाइलला वेळ आपोआप नोंदलेली असते. मग आयोजकांना असं काहीसं लिहा:

“आपल्या अमुक तारखेच्या कार्यक्रमाच्या चार प्रवेशिका (क्रमांक …, एकूण २००० रुपये) आम्ही घेतल्या होत्या. छापील वेळ ६.३०, प्रत्यक्ष सुरुवात ७.५०. सत्कार ४५ मिनिटं. जाहिरातीतल्या मुख्य गायिकांना सुमारे ३० मिनिटं मिळाली. डाव्या बाजूच्या पुढच्या रांगांमध्ये शब्द कळत नव्हते, शिट्टी वारंवार येत होती. निम्मी रक्कम परत करावी, किंवा आपल्या पुढच्या कार्यक्रमाच्या चार प्रवेशिका मधल्या रांगेत द्याव्यात. १५ दिवसांत कळवावं. पुढच्या वेळी सत्कार मध्यंतरात आणि मिक्सर प्रेक्षकांत ठेवावा, ही मनापासून विनंती.”

शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथं मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण दोन हजारांसाठी खानापूर-बेळगाव फेऱ्या, आणि तेही निम्म्या रकमेसाठी, आम्ही सुचवणार नाही. पत्र जरूर लिहा आणि तिथंच थांबा. कलाकार न येता पैसे घेतले गेले असते तर सल्ला वेगळा असता.

तुमच्या ह्यांचं म्हणणं आम्हाला मनापासून पटतं आणि तरीही त्यांनी काढलेला अर्थ पटत नाही. इथं मराठी कार्यक्रम उभा करणं कष्टाचं आहे. माणसं पदरचे पैसे घालतात, गल्लोगल्ली प्रवेशिका घेऊन फिरतात. पण तुमच्या घरात घडलं ते बघा. सासूबाईंनी तक्रार केली नाही, त्या फक्त पुन्हा येणार नाहीत. अशी चाळीस घरं गप्प बसली की पुढच्या वर्षी चाळीस चोक एकशेसाठ खुर्च्या रिकाम्या, आणि आयोजकांना कारण कळत नाही. ते म्हणतात, लोकांना गाण्याची आवड राहिली नाही. हा तोच जिल्हा आहे जिथं सुळेभावीला १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, जिथं कागवाडच्या पं. रामभाऊ विजापुरे यांनी (१९१७–२०१०) बेळगावात राहून आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली. आवड आहे. ती टिकवायची तर काय बिघडलं हे मापासकट सांगणारं माणूस हवं, आणि तुम्ही ते पत्रात आधीच केलंय. चारचौघांत, व्हॉट्सॲपच्या गटावर नावं ठेवू नका. थेट आयोजकांना लिहा. ह्यांनाच सोबत घेऊन त्यांच्या हातात पत्र दिलंत तर सर्वात उत्तम.

पुढच्या वेळी प्रवेशिका घेण्याआधी फोन करून विचारा: जागा बंदिस्त आहे का? छापलेली वेळ पहिल्या सुराची की लोकांनी यायची? सत्कार कधी? आवाजाची तपासणी किती वाजता? दुपारी चार-पाचची ठरलेली वेळ सांगितली तर निम्मी काळजी मिटली. ‘होईल की ऐनवेळी’ म्हणाले तर तिथं सासूबाईंना नेऊ नका. पत्रिकेवर साथीदारांची नावं छापलीत का तेही पाहा. पेटी-तबल्यावर कोण हे ज्यांना आधीच ठाऊक असतं, त्यांनी तालीमही ठेवलेली असते.

जागा माहीत नसेल आणि बेळगावात काही कामानिमित्त जाणं असेल, तर दिवसा आत डोकावून मधोमध उभं राहून एकच जोरदार टाळी वाजवा. आवाज सेकंदाभरात विरला तर ठीक. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणून झाल्यावरही घुमत असेल तर तिथं गाण्याचे शब्द कळायचे नाहीत. लोक भरल्यावर घुमणं थोडं कमी होतं, कारण कपडे आणि माणसं आवाज शोषतात. पत्रा-फरशीचा दोष मात्र त्यानं पुरता जात नाही.

खुर्च्या मधल्या पट्ट्यात घ्या, एकूण रांगांच्या तिसऱ्या हिश्श्यापासून मागं, शक्य तितक्या मिक्सरच्या टेबलाजवळ. साऊंडवाला जे ऐकून बटणं फिरवतो, तेच तुम्हाला ऐकू येतं. बाल्कनीच्या खालच्या शेवटच्या रांगा टाळा. पहिली रांग मानाची असली तरी गाण्यासाठी वाईट: तिथं कलाकारांना स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा (मॉनिटरचा) आणि नुसत्या तबल्याचा आवाज जास्त येतो. सासूबाईंना वाटेकडची खुर्ची द्या, म्हणजे उठताना कुणाच्या गुडघ्यांवरून जावं लागणार नाही.

तरीही आवाज बिघडलाच तर पहिल्या दोन गाण्यांतच हला. आधी जागा बदला, निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. मग गाणं संपल्यावर, चालू असताना नव्हे, एकानं मिक्सरपाशी जाऊन हळू सांगायचं: “दादा, डावीकडं शब्द कळत नाहीत. खर्ज जरा कमी करा, आणि जे गात नाहीत त्यांचे माइक बंद ठेवा.” नुसतं ‘आवाज नीट करा’ म्हटलं तर तो फक्त वाढवेल. नेमकं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. तेही त्या शिट्टीनं वैतागलेले असतात.

परतीची गाडी आधी ठरवा. खानापूरची शेवटची बस किती वाजता हे त्याच दिवशी मध्यवर्ती बसस्थानकावर विचारा, जुन्या माहितीवर विसंबू नका. शेजारच्या एखाद्या घराबरोबर मिळून गाडी केली तर शेवटची दोन गाणी घड्याळाकडं बघत ऐकावी लागत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत उघड्या बाजूंनी येणारं वारं आपल्याकडं बोचरं असतं, म्हणून शाल आणि पाठीला छोटी उशी घ्या. आठ-साडेआठच्या गोळ्या असतील तर त्या, आणि सोबत थोडं खाणं.

आणि पुढचा कार्यक्रम एकदम मोठा नको. चाळीस-पन्नास श्रोत्यांची, देवळाच्या मंडपातली किंवा कुणाच्या घरची बैठक शोधा, जिथं माइक नसतो किंवा एकच असतो. गायकापासून तीन-चार मीटरवर बसलं की व्यंजन न् व्यंजन कानी पडतं. गायकाचे ओठ दिसतात, आणि कमी ऐकू येणाऱ्याला त्याचाही मोठा आधार असतो. शक्य असेल तर तिथलं एक सत्र तुम्ही एकट्या आधी ऐकून या. मग सासूबाईंना सांगा की मध्यंतरापर्यंतच बसायचं, कंटाळा आला तर लगेच उठू. त्या दिवशी सकाळी यंत्रात नवा सेल घाला, संगीताचा प्रोग्रॅम लावलाय ना ते घरीच पेटीच्या रेकॉर्डिंगवर तपासा, आणि जादाचा एक सेल पर्समध्ये ठेवा.